इंटरनेट योजना निवडताना केवळ वेग पाहू नका

घरी इंटरनेट घेताना ३० एमबीपीएसची योजना घ्यावी की १००ची, येथेच बहुतेकांचा विचार अडतो. वास्तविक व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडचा किमान वेग २००४ मध्ये २५६ केबीपीएस होता, २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस झाला. चौघांच्या घराला ३० ते ५० एमबीपीएस सहसा कमी पडत नाहीत.

नागभीड-मूल रेल्वेमार्गावरील सिंदेवाहीसारख्या जंगलालगतच्या गावी खरा प्रश्न जोडणी टिकण्याचा असतो. खोदकामात फायबर तुटली किंवा वादळात वीजतारांवर झाड कोसळले, की सर्वांत महागडी योजनाही निरुपयोगी ठरते. परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख मात्र त्यासाठी थांबत नाही. म्हणून वरच्या योजनेचे जादा पैसे पर्यायी जोडणीकडे वळवणे अधिक शहाणपणाचे.

हा पर्याय खरोखरच वेगळा असावा. फायबर ज्या कंपनीची, तिचेच सिमकार्ड घेतल्यास दोन्ही एकाच वेळी बंद पडू शकतात. कारण मोबाइल टॉवरही अनेकदा फायबरनेच जोडलेले असतात. दुसऱ्या कंपनीचे सिम घ्यावे, तेही घरात रेंज तपासूनच. दोन जोडण्या सांभाळणारा राउटर आपोआप दुसरीकडे वळतो. अधूनमधूनच गरज पडत असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉटही पुरे.

वीज गेली तरी फायबर बहुधा चालूच असते, बंद पडतात ती घरातली उपकरणे. मोडेम आणि राउटर बहुतांशी १२ व्होल्टवर चालतात. त्यांना छोटा यूपीएस दोन-तीन तास सहज तारून नेतो. मात्र उपकरणांवरील व्होल्ट व अँपिअरचे आकडे वाचूनच तो विकत घ्यावा.