थांबवायचं, पण सावकाश

सूर्या नदीचं पाणी शुद्ध होऊन वसई-विरारला येतं. सूर्या प्रादेशिक योजनेत या शहराचा वाटा दिवसाला 185 दशलक्ष लिटरचा. योजनेसाठी तुंगारेश्वरचा डोंगरही पोखरावा लागला. एवढं पाणी आणतात कसं, हे सगळे विचारतात. थांबवतात कसं, हे मात्र कुणी विचारत नाही.

हिशेब करून बघा. दोन मीटर व्यासाच्या जलवाहिनीच्या एका किलोमीटरमध्ये 3,100 टनांहून जास्त पाणी मावतं. गच्च भरलेल्या दोन विरार लोकलचं वजनही तेवढं भरणार नाही. माणसाच्या चालीनं निघालेलं हे वजन व्हॉल्व्ह फटकन बंद करून अडवलं, तर पुढचं पाणी आपटतं, मागचं त्याच्यावर येऊन दाबतं आणि दाबाची लाट सेकंदाला जवळपास एक किलोमीटर वेगानं उलटी धावत सुटते. मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी 1898 मध्ये याचं गणित मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगानं चाललेलं पाणी एकदम अडलं, तर दाब सुमारे 10 बारनं चढतो, म्हणजे शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका!

पण ‘एकदम’ म्हणजे किती? लाइन दहा किलोमीटर लांब असेल, तर लाट टोकाला जाऊन परत यायला वीस सेकंद घेते. तोवर व्हॉल्व्ह पुरता बंद झाला, तर पाण्याच्या लेखी तो एकदमच बंद झाला. म्हणून मोठ्या लाइनीवरच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हला गिअरबॉक्स असतो आणि चाकाचे पुष्कळ फेरे मारावे लागतात. तो वेळखाऊपणा मुद्दाम ठेवलेला असतो.

वसईच्या वालीव-सातिवली औद्योगिक पट्ट्यातल्या गाळ्यांतही प्रश्न हाच, फक्त पाइप लहान. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. आग लागली तर वरदान, लांब लाइनीवर धोका. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठीच. अर्धवट उघडा ठेवून प्रवाह कमी-जास्त करायला गेलात, तर आतली पाती थरथरते, बैठक झिजते आणि मग तो नीट बंदच होत नाही. ते काम ग्लोब व्हॉल्व्हचं. त्यात पाण्याला वळसे घालत जावं लागतं, दाब खर्च होतो, पण प्रवाह हातात राहतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हला चाक नसतं. पाणी मागे फिरलं की तो आपला आपण मिटतो.

राहिली खारी हवा. मिठागरांच्या या पट्ट्यात 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या व्हॉल्व्हला बारीक खड्डे पडू शकतात. मॉलिब्डेनम असलेलं 316 जास्त तग धरतं. तेव्हा दुकानात नुसतं ‘दोन इंची व्हॉल्व्ह द्या’ म्हणू नका. आतून काय वाहतं, किती गरम, किती दाबानं, आणि बंद करायला किती वेळ देता येईल, हे आधी सांगा.