वलगणीची वाट मोकळी हवी

मृगाच्या पहिल्या दमदार सरींनी ओढे-नाले वाहू लागले, की पनवेल परिसरातील गाढी, कासाडी यांसारख्या नद्यांतील मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. पाण्याने भरलेली भातशेते व उथळ ओहोळ या त्यांच्या अंडी घालण्याच्या जागा. रायगडच्या गावांत या चढाईला ‘वलगण’ म्हणतात. मोजक्या दिवसांच्या या प्रवासावर पुढील वर्षाची मासळी अवलंबून असते; आणि नेमक्या याच दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे वाटेतच पकडले जातात.

ही मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तरी मासे संपले नाहीत, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे. पूर्वी जाळ्यातून निसटलेल्या माशांना वर शेते होती, खाली स्वच्छ खाडी होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे ९५ गावांच्या परिसरात नवे शहर वसले. कित्येक शेते व खाजणे भरावाखाली गेली. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. तळोजे येथील कारखान्यांच्या सांडपाण्याने कासाडीची काय दशा झाली, हे ऑगस्ट २०१७ मध्ये तेथे निळे झालेले कुत्रे दिसले तेव्हा साऱ्या देशाला कळले. निसटलेल्या माशाने आता जावे कोठे?

समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. सरंग्याला तर २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. ओढ्यातल्या मळ्या, खवल, शिंगटीला मात्र कोणी वाली नाही. मासे मारण्यासाठी पाण्यात विष कालविणे १८९७ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. तेच विष कारखान्याच्या नळातून आले, की तो निव्वळ ‘प्रदूषणाचा प्रश्न’ ठरतो!

वलगणीचे पहिले पंधरा दिवस जाळी बाजूला ठेवावीत, असा निर्णय ग्रामसभांनी स्वतःहून घ्यावा. परंतु ज्याच्या ताटातील वर्षातला हा एक घास आपण मागतो आहोत, त्याला तसे सांगण्याचा अधिकार शासनाने आधी मिळवावयास हवा. प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत सोडणाऱ्यांवर वेळीच कारवाई व्हावी, उरलेले ओहोळ बुजवू नयेत आणि रस्ते बांधताना माशांना चढता येईल अशा मोऱ्या ठेवाव्यात. एवढे केल्याविना केवळ गावकऱ्यांवर बंदी लादणे न्यायाचे होणार नाही, आणि त्याने मासेही वाचणार नाहीत.