संगणकीय आज्ञावलीतील अपूर्णांकांची समानता : एक विवेचन

संगणक आकडेमोडीत चुकत नाही, अशी सर्वसामान्य समजूत आहे. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकात मात्र निराळाच अनुभव येतो. शून्यापासून आरंभ करून प्रत्येक फेरीत ०.१ मिळवावे आणि बेरीज १ झाली की थांबावे, अशी आज्ञावली विद्यार्थी लिहितो. ती थांबतच नाही. दहाव्या फेरीअखेर बेरीज सोळा दशांश स्थळांपर्यंत ०.९९९९९९९९९९९९९९९९ भरते आणि अकराव्या फेरीत १ ओलांडून पुढे जाते. प्रस्तुत लेखात या वर्तनाची कारणमीमांसा केली आहे.

दोष बेरजेचा नसून संख्यालेखनाचा आहे. दशमान पद्धतीत १/३ चे रूप अखंड आवर्ती असते, हे आपण शाळेत शिकतो. द्विमान पद्धतीत, संक्षिप्त रूपातील छेद २ चा घात असेल तेवढेच अपूर्णांक खंडित रूपात लिहिता येतात. १० चा ५ हा अवयव असल्याने ०.१ तेथे अखंड आवर्ती ठरतो. आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार दुहेरी अचूकतेच्या ६४ बिटांच्या संख्येत ५३ द्विमान सार्थ अंकच मावतात. म्हणून सर्वांत जवळची संख्या साठवली जाते. परिणामी ०.१ व ०.२ यांची बेरीज सतरा स्थळांपर्यंत ०.३०००००००००००००००४ येते, तर साठवलेला ०.३ हा ०.२९९९९९९९९९९९९९९९९ असतो. सी भाषेत सामान्यतः सहाच दशांश स्थळे छापली जातात. पडद्यावर दोन्ही संख्या सारख्या दिसतात आणि विद्यार्थी बिचारा यंत्राला दोष देतो.

यावर, दोन संख्यांतील फरक ०.०००००१ पेक्षा कमी असल्यास त्या समान मानाव्यात, असा उपाय बहुधा सांगितला जातो. तो सरसकट वापरणे धोक्याचे आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड असतो. पण दोन्ही वस्तुमाने किलोग्रॅममध्ये मांडल्यास ही कसोटी त्यांना समान ठरवते! उलट १ वर १६ शून्ये असलेल्या संख्येनंतर साठवता येणारी पुढची संख्या थेट २ ने मोठी असते. तेथे ही कसोटी काटेकोर समानतेहून निराळी उरतच नाही. म्हणून फरक संख्यांच्या आकाराच्या प्रमाणात मोजावा लागतो. शून्याजवळ मात्र हे प्रमाणही निरुपयोगी होते आणि तेथे मोजमापाच्या अचूकतेवरूनच मर्यादा ठरवावी लागते. शिवाय अशी 'समानता' संक्रामक नसते : अ हा ब च्या व ब हा क च्या जवळ असला, तरी अ हा क च्या जवळ असेलच असे नाही. वर्गीकरणाच्या आज्ञावल्या येथे फसतात.

काटेकोर तुलना नेहमीच त्याज्य आहे, असेही नव्हे. ०.५, ०.२५ किंवा मर्यादित आकाराचे पूर्णांक यांचे लेखन अचूक असते. रुपयांचा हिशेब पैशांच्या पूर्णांकांत ठेवल्यास हा प्रश्न बेरीज-वजाबाकीत उद्भवत नाही. आरंभीच्या आज्ञावलीतही फेऱ्या १ ते १० अशा पूर्णांकांत मोजून प्रत्येक फेरीक्रमांकास १० ने भागले, तर ती दहाव्या फेरीस नेमक्या १ वर थांबते.