फातोर्ड्याचा पाहुणा

प्रतिस्पर्ध्याच्या गावी जावं, त्याच्या मैदानावर आपल्या संघाची धुलाई बघावी आणि निघताना पुढच्या खेपेचं आमंत्रण घेऊन यावं, असा वेडेपणा मी बरीच वर्षं केला. मैदान मडगावजवळच्या फातोर्ड्याचं. संघ माझा मुंबई सिटी, त्यांचा एफसी गोवा.

मी गिरगावातला. घरात खेळ म्हणजे क्रिकेट, बाकीचा नुसता दंगा! पण धोबीतलाव हाकेच्या अंतरावर. तिथे गोवेकरांच्या 'कुडी' होत्या. प्रत्येक कूड एकेका गावाची. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत गोव्याहून आलेले खलाशी आणि स्वयंपाकी तिथे उतरायचे. रोव्हर्स कप सुरू झाला की ही मंडळी कुपरेजवर लोटायची. डेंपो किंवा साळगावकर खेळत असले म्हणजे तर विचारूच नका. वडिलांचं बोट धरून मी तिथे जायचो, तो खेळापेक्षा त्यांचा आरडाओरडा ऐकायला. फुटबॉल मला लागला तो असा.

पुढे 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबईला स्वतःचा संघ मिळाला. दुसऱ्याच वर्षी मनात आलं, ज्या लोकांनी आपल्याला हे वेड लावलं त्यांच्या घरी जाऊन सामना बघावा. 17 नोव्हेंबर 2015. पहाटे दादरला जनशताब्दी पकडली, दुपारी मडगावला उतरलो. स्टेशनबाहेर 'पायलट' उभे होते. गोव्यात पायलट म्हणजे विमानाचा नव्हे, भाड्याच्या मोटारसायकलचा! माझा आकाशी शर्ट बघून तो म्हणाला, ''मुंबईचे? आज जपून.''

त्याचा सल्ला मी हसण्यावारी नेला. फातोर्ड्याचं हे स्टेडियम 1989 सालचं. आत शिरलं की कळतं, इथे लोक तमाशा बघायला येत नाहीत, खेळ बघायला येतात. फुटबॉल गोव्यात आला तो 1883 साली, शिवोलीला आलेल्या फादर विल्यम लायन्स यांच्याबरोबर, असं सांगतात. तेव्हापासून तो भातशेतं कापून झाल्यावर शेतात, चर्चच्या फेस्ताला गावोगाव खेळला जातो. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक, ब्रूनो कुतिन्होसारखा आघाडीचा खेळाडू या मातीने भारताला दिला तो उगाच नव्हे. शेजारच्या बाकावरच्या आजीबाईही 'ऑफसाइड' कुठे झाला ते बरोबर ओळखत होत्या.

आणि मग सुरू झाली आमची शोभा. गोव्याचे प्रशिक्षक ब्राझीलचे झिको, आमचा खेळाडू-प्रशिक्षक फ्रान्सचा आनेल्का. नावं दोन्हीकडे मोठी. पण मणिपूरच्या हाओकिपने तीन गोल मारले, नायजेरियाच्या डुडूने तीन मारले, वर रेनाल्डोने एक. सात-शून्य! सगळं स्टेडियम नाचत होतं आणि मधोमध मी एकटा आकाशी, जत्रेत हरवलेल्या पोरासारखा.

पाचव्या गोलनंतर शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी जल्लोष आवरता घेतला. सामना संपल्यावर मला म्हणाले, ''चल.'' बाहेर गाड्यावर रॉस ऑम्लेट मिळत होतं. ऑम्लेटवर झणझणीत रस, वर कांदा, लिंबू आणि सोबत पाव. प्लेट माझ्या हातात देऊन ते म्हणाले, ''पयलीं खा, मागीर रड.''

आधी खा, मग रड. मी खाल्लं. रडायचं राहूनच गेलं!

हे अंकल जुने तारवटी. उभं आयुष्य जहाजावर गेलेलं. तरुणपणी काही महिने धोबीतलावच्या कुडीत राहिलेले आणि रोव्हर्सला कुपरेजवर हजेरी लावलेले. कोण जाणे, लहानपणी मी ज्यांचा आरडाओरडा ऐकला त्यांच्यात त्यांचाही आवाज असेल. मला ते 'बाब' म्हणू लागले, मी त्यांना अंकल.

मग जाणं-येणं सुरू झालं. मार्च 2019 मध्ये उपांत्य फेरीचा पहिला सामना आम्ही मुंबईत 5-1 असा हरलो. दुसरा फातोर्ड्याला. घरचे म्हणाले, आता कशाला जाता? तरी गेलो. आम्ही 1-0 जिंकलो, पण एकूण गोलांत बाहेर पडलो. अंकल म्हणाले, ''पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?'' पाच दिवसांनी अंतिम सामना होता अंधेरीला. आता अंकल माझे पाहुणे! ज्यादा वेळेत गोवा बेंगळुरूकडून एका गोलने हरला आणि तो गोल मारणारा राहुल भेके नेमका मुंबईचा. घरी पिठलं-भात केला होता. अंकल चार घास खाऊन उठले. त्यांची म्हण त्यांनाच ऐकवायचं धाडस मला झालं नाही.

करोनाच्या मोसमात सगळे सामने गोव्यातच झाले, प्रेक्षकांविना. 13 मार्च 2021 ला मुंबईने पहिलं विजेतेपद मिळवलं ते फातोर्ड्यावरच. बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला तेव्हा मी घरी टीव्हीसमोर उड्या मारत होतो आणि पडद्यावर मागे रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. माझी खुर्ची कुठली आणि अंकलची कुठली, ते मी शोधत बसलो.

आणि मग आली 24 एप्रिल 2024 ची रात्र. पुन्हा उपांत्य सामना, पुन्हा फातोर्डा. अंकल आता नातवाच्या आधाराने पायऱ्या चढत होते. नव्वदावं मिनिट लागेपर्यंत गोवा 2-0 पुढे. लोक घरी निघू लागले. अंकल मात्र पंचाची शिट्टी होईपर्यंत कधीच उठत नसत. तेवढ्यात छांगटेने एक गोल केला. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली. आणि सहाव्या जादा मिनिटाला पुन्हा छांगटे. तीन-दोन! सगळं स्टेडियम गार पडलं.

नऊ वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. मी तोंडावर हात धरून बसलो. शेजारी अंकल समोरच्या हिरवळीकडे एकटक बघत होते. मग त्यांनी माझ्या दंडाला कोपराने ढोसलं. ''ओरड रे! तुझे जिंकले. मी तुझ्यासमोर सात वेळा ओरडलो होतो.''

मी ओरडलो. पण आवाज रडल्यासारखाच आला.

बाहेर त्याच गाड्यापाशी थांबलो. या वेळी प्लेट मी पुढे केली. काय बोलायचं ते दोघांनाही पाठ होतं, म्हणून कोणीच बोललं नाही. खाऊन झाल्यावर रिक्षात बसताना अंकल म्हणाले, ''सात खाऊनही तू परत आलास, बाब. म्हणून आज हे तीन तुला बघायला मिळाले.''

मुंबईने पुढे कोलकात्यात जाऊन तो चषकही जिंकला. त्या रात्री पहिला फोन वाजला तो मडगावहून.