पाळीव पाली व सरडे : संगोपन, प्रजनन आणि तापमान
(जालना औद्योगिक वसाहत परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
पालीविषयीची भीती मराठी समाजमनात खोलवर रुजलेली आहे. पाल अंगावर पडली तर तिचे फळ पंचांगात पाहण्याची रीत अद्याप सुटलेली नाही. दुसरीकडे, शहरांतून लेपर्ड गेको ही ठिपकेदार पाल आणि हिरवा इग्वाना यांसारखे प्राणी हौसेने पाळले जात आहेत. या प्राण्यांच्या जीवनात तापमानाचे स्थान कोणते आणि जालन्यासारख्या उष्ण प्रदेशात पालकाने कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शरीरधर्म व संगोपन :
सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता स्वतः निर्माण करीत नाहीत. ती ते परिसरातून घेतात. म्हणून पेटीचे एक टोक उबदार (सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस) व दुसरे थंड (सुमारे २५ अंश) असावे लागते. लेपर्ड गेको निशाचर व कीटकभक्षी आहे. घरातील पालीप्रमाणे ती भिंतीवर चढत नाही, तिला हलणाऱ्या पापण्या असतात आणि ती शेपटीत चरबी साठविते. रातकिड्यांना कॅल्शियमची भुकटी लावून ते तिला द्यावे लागतात. इग्वाना मात्र शाकाहारी असून दीड मीटरपर्यंत वाढतो व त्यास अतिनील किरणांची गरज असते. दोन्ही प्राणी पंधरा वर्षांहून अधिक जगू शकतात.

प्रजनन व तापमान :
लेपर्ड गेकोची मादी एका वेळी साधारणतः दोन अंडी घालते. पिल्लाचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते. २६ अंशांवर बहुतेक माद्या, सुमारे ३२.५ अंशांवर बहुतेक नर, तर ३४ अंशांच्या पुढे पुन्हा बहुतेक माद्या निपजतात. उबवणीच्या तापमानाचा परिणाम प्रौढ मादीच्या आक्रमकपणावरही होतो, असे गुट्झके व क्रूज यांनी १९८८ मध्ये दाखविले.

आकर्षक रंगासाठी केलेली निवडही निर्दोष नसते. ‘लेमन फ्रॉस्ट’ या पिवळ्या वाणात त्वचेच्या रंगपेशींच्या गाठी होतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रंग व गाठी यांचे मूळ एकाच जनुकाशी जोडले गेले. असा वाण वाढविणे म्हणजे रोगाचीही पैदास करणे होय.

जालन्यातील अडचण :
परदेशी पुस्तकांत प्राण्याला ऊब कशी द्यावी हे सांगितलेले असते. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो व प्रश्न उलटा होतो. साधे उबवणी-यंत्र केवळ तापविते, थंड करीत नाही. खोलीतच ३६ अंश असतील तर यंत्र २८ अंशांवर ठेवूनही उपयोग नाही. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या पेटीत थंड कोपराच उरत नाही. म्हणून तळमजल्यावरील सावलीची खोली निवडावी, पेटीच्या दोन्ही टोकांना तापमापी लावावी आणि उन्हाळ्यात तापविण्याची साधने बंद ठेवावीत. अंडी मूळ स्थितीतून उलटवू नयेत.

कायदा व स्थानिक जाती :
घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. ती पकडणे व पाळणे गुन्हा आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारणेने आंतरराष्ट्रीय साइट्स करारातील जाती अनुसूची ४ मध्ये आणल्या. इग्वाना त्यांत मोडतो. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची, त्यांच्या पिल्लांची, हस्तांतरणाची व मृत्यूची नोंद ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. अन्य कोणतीही जाती घेण्यापूर्वी तिचे अनुसूचीतील स्थान वनविभागाकडून पडताळावे.

लेपर्ड गेकोचीच भगिनी जाती, युब्लेफॅरिस फस्कस, महाराष्ट्राच्या रानांत आढळते. विषारी समजून ती मारली जाते. वस्तुतः ती निरुपद्रवी आहे. तिला घरी आणणे हा तिच्या रक्षणाचा मार्ग नव्हे.

समारोप :
जो प्राणी आपली ऊब व संततीचे लिंगही परिसरावर सोपवितो, त्याचा परिसर पेटीत आपण घडवितो. ती जबाबदारी ऐन वैशाखातही पेलता येत नसेल, तर पैदाशीच्या वाटेला न जाणेच श्रेयस्कर.