वाफेच्या इंजिनाच्या पोटात काय असते?

वाफेचे इंजिन चित्रात आपण सर्वांनी पाहिले आहे. पुढे धुराडे, मागे कोळसा आणि वर काळा धूर. पण खरे इंजिन जवळून पाहायचे असेल तर मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जावे. तिथल्या बागेत रेल्वेचे जुने इंजिन, वाफेवर चालणारी लॉरी आणि मुंबईच्या रस्त्यावर धावणारी ट्राम ठेवली आहे. ही बाग १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, मुलांसाठी उघडली. मे महिन्याच्या सुट्टीत मी आजोबांबरोबर ती पाहून आलो.

मला इंजिनांचा नाद आहे हे वर्गाला माहीतच आहे. पण आजोबांचा नाद माझ्याहून जुना. ते लालबागच्या एका गिरणीत बॉयलरवर फायरमन होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर ते गावी आले. त्यामुळे तिथल्या पाट्या वाचण्यापेक्षा मी आजोबांनाच जास्त विचारले.

पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. चुलीवरच्या पातेल्याचे झाकण म्हणूनच थडथड उडते. बॉयलर मात्र चारी बाजूंनी बंद. वाफेला पसरायला जागा नाही, म्हणून ती जोराने ढकलू लागते. ही वाफ नळीतून सिलिंडरमध्ये सोडतात. सिलिंडर म्हणजे सायकलच्या पंपासारखी, पण खूप जाड नळी. आत दट्ट्या असतो. वाफ एकदा या बाजूने येते आणि दट्ट्या पुढे ढकलते, मग त्या बाजूने येते आणि मागे ढकलते. वाफ कोणत्या बाजूला सोडायची हे एक सरकती झडप ठरवते. दट्ट्या नुसता पुढेमागे होतो, मग चाक गोल कसे फिरते? शिलाई मशीनची पायपट्टी आठवा. पाय वरखाली होतो, दांडा हलतो आणि चाक फिरते. रेल्वेच्या इंजिनाला बाहेरून जे जाड दांडे दिसतात त्यांचे काम तेच.

काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकतात. “भक् भक्” आवाज त्याचाच. ती जाताना धूरही ओढून नेते, त्यामुळे भट्टीत नवी हवा शिरते आणि आग आणखी पेटते. म्हणजे गाडी जितकी जोरात ओढते तितकी आग आपोआप वाढते. मला तर ही युक्ती सगळ्यात आवडली.

आजोबांना विचारले, “बॉयलरवर सगळ्यात कठीण काम कोणतं? कोळसा टाकणं?”

“छे रे! कोळसा कुणीबी टाकंल. पाण्याच्या काचेवर नजर ठेवायची, ते खरं काम.”

बॉयलरला बाहेर काचेची एक उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसते. हे पाहणे इतके महत्त्वाचे का? भट्टीचा पत्रा आगीने लाल व्हायला हवा, पण त्याच्यावर पाणी असते, ते उष्णता घेत राहते, म्हणून पत्रा टिकतो. पाणी कमी झाले आणि पत्रा उघडा पडला तर तो तापून मऊ होतो, आतल्या दाबाने फाटतो आणि बॉयलर फुटतो. मग आसपासची माणसे वाचत नाहीत. म्हणून भट्टीच्या माथ्यावर लवकर वितळणाऱ्या धातूचे बूच बसवतात. पाणी फार उतरले की बूच वितळते आणि वाफ भट्टीत घुसून आग मंद करते. दाब जास्त झाला तर वाफ सोडून देणारी झडप वेगळी. “पण बुचाच्या भरवशावर झोपायचं नसतं. रातपाळीला आम्ही काचेकडं बघून बघून डोळं दुखवून घ्यायचो,” असे आजोबा म्हणाले.

मला एक शंका होती. गिरण्या तर विजेवर चालत होत्या, मग बॉयलर कशाला? पूर्वी गिरणीत एकच मोठे वाफेचे इंजिन असे आणि दोर व पट्ट्यांनी ते सगळी यंत्रे फिरवी. १९१५ साली टाटांची पाण्यावरची वीज खोपोलीहून मुंबईला आली. गिरण्यांनी हळूहळू मोटारी बसवल्या आणि मोठी इंजिने थांबली. पण सुताला खळ लावून वाळवायला आणि कापड रंगवायला वाफ लागतेच. म्हणून बॉयलर राहिले आणि आजोबांची नोकरीही.

वाफेची लॉरी मी पहिल्यांदाच पाहिली. वाफेच्या गाडीला उभ्या जागेवरून पूर्ण जोर मिळतो. डिझेल इंजिन आधी फिरते ठेवावे लागते, म्हणून त्याला क्लच लागतो. मग वाफेच्या लॉऱ्या गेल्या का? कारण निघायच्या आधी आग पेटवून वाफ तयार होईपर्यंत थांबायचे, शिवाय कोळसा आणि पाणी बरोबर वाहायचे. तोवर डिझेलची लॉरी पुढच्या गावाला पोचते! ट्राम विजेवर चाले. तीही ३१ मार्च १९६४ ला बंद झाली.

जाता जाता एक गोष्ट. वाफेचे इंजिन जेम्स वॅटने शोधले असे आपण घोकतो. पण न्यूकोमेन यांचे इंजिन १७१२ सालीच खाणीतले पाणी उपसत होते. वॅट यांनी ते सुधारले आणि कोळसा पुष्कळ वाचवला. ते कामही लहान नव्हे.

इंग्लंडमध्ये हौशी लोक जुनी इंजिने दुरुस्त करून मैदानात चालवून दाखवतात. वरळीची इंजिने उभीच आहेत. भक् भक् ऐकू येत नाही, एवढीच माझी तक्रार.

पालकांपैकी ज्यांच्या विहिरीवर ऑइल इंजिन होते त्यांना फरक लगेच कळेल. तिथे बॉयलर नाही, तेल सिलिंडरच्या आतच जळते. हवा दाबून इतकी तापवतात की फवारलेले तेल आपोआप पेटते. मात्र सहसा दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो. मधली ओढ ते जड चाक सांभाळते, म्हणून हँडल मारताना एवढा घाम निघतो.

विज्ञान केंद्र महालक्ष्मी स्टेशनवरून चालत जाण्याजोगे आहे. बाग उघड्यावर आहे, तेव्हा मे महिन्यात जाणाऱ्यांनी टोपी न्यावी.