त्रयस्थ

एखाद्या शाळकरी मुलाने किंवा वसतिगृहात राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने आपले जीवन संपविल्याची वार्ता वर्तमानपत्रात आली की पुढे चार-दोन दिवस घरोघरी जी चर्चा चालते, तिचे स्वरूप बहुधा ठरून गेलेले असते. एक पक्ष छळ करणाऱ्यांना भर चौकात फोडून काढायला निघतो. दुसरा पक्ष, दोन हळहळीचे शब्द उच्चारून झाल्यावर, ‘हल्लीच्या मुलांना जरासुद्धा सोसत नाही’ असा शेरा मारून गेलेल्या जिवालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. या दोन्ही पक्षांच्या कैफियतीत एका मोठ्या समुदायाचा उल्लेखही नसतो. ज्यांच्या डोळ्यांदेखत हा प्रकार महिनोन्‌महिने चालला होता, ज्यांतील कित्येकांना तो मनातून आवडत नव्हता, आणि तरीही ज्यांनी ‘आपल्याला काय करायचे आहे’ असे म्हणून मान खाली घातली, त्या वर्गबंधूंचा, शिक्षकांचा, अधीक्षकांचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा तो समुदाय. गेल्या अर्धशतकात या विषयाचा जो पद्धतशीर अभ्यास झाला, त्यातील माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग या त्रयस्थांविषयीचा आहे.

या अभ्यासाची मोठी सुरुवात एका दुःखद वृत्ताने झाली. १९८२च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातील दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्याचे तेथील वर्तमानपत्रांनी छापले, आणि सोबत्यांकडून होणारा तीव्र छळ हे त्यामागचे कारण असावे, असा समज सर्वत्र झाला. कोणत्याही आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असते. आजार, घरची परिस्थिती, मनाचे जुने घाव, त्या क्षणीचे एकाकीपण अशा अनेक गोष्टी एकत्र येतात, हे येथे नमूद केलेच पाहिजे. परंतु तेवढ्यावर बोट ठेवून नॉर्वेच्या सरकारने हात झटकले नाहीत. १९८३ साली तेथील शिक्षण खात्याने देशव्यापी मोहीम हाती घेतली आणि बेर्गेन येथील मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांच्याकडे पाहणीचे काम सोपविले. हे गृहस्थ मूळचे स्वीडनचे. १९७०च्या सुमारापासून ते या विषयामागे लागले होते, आणि तोवर ‘पोरांच्या खोड्या’ या सदरात मोडणाऱ्या या गोष्टीकडे गंभीरपणे पाहणारे विद्वान जगात फार नव्हते.

ओल्वेउस यांनी प्रथम छळाची व्याख्या नेमकी केली. दोन समबल मुलांची मारामारी म्हणजे छळ नव्हे. ज्याला आपला बचाव करता येत नाही अशा एकाला, पुनःपुन्हा आणि दीर्घकाळ, बुद्ध्या दिलेला त्रास म्हणजे छळ. मग तो हाताने असो, जिभेने असो की नुसते दूर लोटून असो. नंतर त्यांनी निनावी प्रश्नावली तयार केली आणि ती सुमारे १ लाख ३० हजार मुलांकडून भरून घेतली. उत्तरांचा ताळा मांडला तेव्हा असे दिसले की दर सात मुलांपैकी एक मूल छळणारे तरी आहे किंवा छळले जाणारे तरी. चष्मा, लठ्ठपणा किंवा केसांचा रंग यांमुळे मुले छळाला बळी पडतात, ही सार्वत्रिक समजूत या अभ्यासात टिकली नाही. कारण अशी काही ना काही वेगळी गोष्ट जवळजवळ प्रत्येकच मुलापाशी असते आणि छळणारा ती मागाहून शोधून काढतो. दांडगाई करणारा पोरगा आतून भित्रा आणि न्यूनगंडाने पछाडलेला असतो, हे आपले आवडते मतही त्यांना बव्हंशी निराधार आढळले. मात्र एक अगदी साधी गोष्ट आकड्यांतून वर आली: ज्या शाळेत मधल्या सुट्टीत मैदानावर हिंडणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण जास्त, तेथे छळ कमी. बेर्गेनच्या ४२ शाळांतून याच धोरणाने योजना राबविली, वर्गात नियम लावले, पालकांना बोलावले, सुट्टीतला बंदोबस्त वाढविला, आणि दोन वर्षांच्या आत छळाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले.

मधल्या सुट्टीचे महत्त्व ज्याला पटत नसेल त्याने कोणत्याही शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला अर्धा तास उभे राहावे. घंटा होताच डबे उघडतात, घोळके जमतात, कोणाची भाजी कोणाच्या पोळीवर जाते. आणि अशा वेळी एखादा मुलगा पाण्याच्या नळाकडे जाताना दिसतो. तो ओंजळभर पाणी पितो, परत येतो, थोड्या वेळाने पुन्हा जातो. त्याला तहान लागलेली नसते. एकटे बसलेले दिसणे हे एकटे असण्याहूनही त्याला जड वाटते, म्हणून तो स्वतःला काहीतरी काम लावून घेतो. त्याच्या अंगावर एकही वळ नसतो, आणि त्याच्याविषयी फिर्याद करावी असे कोणी काही केलेलेही नसते. नुसते ‘ह्याच्याशी कोणी बोलायचे नाही’ एवढेच एकाने सांगितलेले असते आणि चाळिसांनी ते मानलेले असते. आपल्या समाजाला हा प्रकार नवा नाही. जातपंचायतीने कुटुंबच्या कुटुंबे वाळीत टाकण्याचा शिरस्ता इतका मुरलेला होता की त्याविरुद्ध महाराष्ट्र शासनाला २०१६चा स्वतंत्र कायदा करावा लागला. वर्गातल्या वाळीत टाकण्याला मात्र आपण अजून ‘कट्टी’ म्हणतो आणि हसून सोडून देतो.

या चाळिसांचे मन कसे चालते याचा छडा कॅनडातील संशोधकांनी मोठ्या युक्तीने लावला. टोरांटो शहरातील शाळांच्या मैदानांवर त्यांनी दुरून चित्रण केले, मुलांच्या अंगावर छोटे ध्वनिग्राहक लावले, आणि नंतर प्रसंगामागून प्रसंग तपासले. छळाच्या बहुतेक सर्व प्रसंगी इतर मुले हजर होती. म्हणजे हा खेळ प्रेक्षकांवाचून रंगतच नव्हता. या प्रेक्षकांनी निम्म्याहून जास्त वेळ नुसते उभे राहून पाहण्यात घालविला. मधे पडणारे निघाले ते शेकडा १९ प्रसंगांत. परंतु अशा मध्यस्थीपैकी शेकडा ५७ वेळा छळ थांबला, आणि तोही अवघ्या दहा सेकंदांच्या आत! फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ साली याच गर्दीची वर्गवारी केली : छळणारा, त्याचे मदतनीस, खिदळून चेव आणणारे, बाजूला राहणारे, आणि पाठीशी उभे राहणारे. छळणाऱ्याला त्याच्या कृत्याचा मोबदला मिळतो तो खिदळणाऱ्यांकडून, आणि तो बंद करणे हे छळणाऱ्याचे हृदयपरिवर्तन घडविण्यापेक्षा पुष्कळ सोपे. या विचारावर त्यांनी ‘किवा’ नावाची योजना बांधली आणि २००९पासून ती फिनलंडभर लागू झाली. तीत एक तजवीज मला विशेष शहाणपणाची वाटते. छळ उघडकीस आला की शिक्षक संबंधितांशी तर बोलतातच, पण वर्गात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा दोन-चार भल्या मुलांना वेगळे बोलावून, ‘या मुलासाठी तुम्हाला काय करता येईल?’ असे विचारतात. त्यांना उपदेश करीत नाहीत. त्यांच्याकडे काम सोपवितात.

त्रयस्थालाही जबाबदार धरण्याचा विचार आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात फार पूर्वीच शिरला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रॅगिंगविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा १९९९चा आहे. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अपराध शाबीत झाल्यास संस्थेतून बडतर्फी आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही, ही त्यातील कलमे सर्वांच्या नजरेस येतात. परंतु त्या कायद्याचा खरा दात पुढे आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे, आणि त्याने कुचराई केली तर त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे धरून त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. बघ्याला थेट साथीदार ठरविणारी ही तरतूद कागदावर ओल्वेउसच्याही एक पाऊल पुढे आहे. कागदावर, असेच म्हटले पाहिजे. कारण २०१९ साली मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर तरुणीचा मृत्यू झाला तेव्हा, छळाविषयी आपण आधीच गाऱ्हाणे घातले होते, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. गाऱ्हाणे ऐकून ‘बघू, समज देतो’ म्हणणारा आणि कागद दप्तरात सारणारा माणूस हा आपल्या संस्थांतील सर्वांत ओळखीचा त्रयस्थ होय.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. छळामुळे म्हणा, अन्य दुःखामुळे म्हणा, जो माणूस कड्याच्या टोकाशी येऊन उभा राहिला आहे, त्याच्या बाबतीत या तिऱ्हाईताने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर लंडनमध्ये अगदी योगायोगाने सापडले. चॅड वाराह नावाच्या एका धर्मोपदेशकाला १९३५ साली, उमेदवारीच्या काळात, एका चौदा वर्षांच्या मुलीचे अंत्यविधी करावे लागले होते. तिला ऋतुप्राप्ती झाली होती, हे काय आहे ते सांगणारे कोणी नव्हते, आणि हा काही लज्जास्पद रोग आहे अशा भीतीने तिने जीव दिला होता. ते थडगे या माणसाच्या मनातून गेले नाही. मुलांच्या साप्ताहिकांसाठी चित्रकथा लिहून प्रपंच चालविणाऱ्या या पाद्रीबुवांनी १९५३च्या नोव्हेंबरात आपल्या चर्चमध्ये एक दूरध्वनी ठेवला आणि जीव नकोसा झालेल्यांनी आपल्याशी बोलावे असे जाहीर केले. लोक येऊ लागले, इतके की त्यांना ताटकळत बसावे लागे. तेव्हा त्यांना चहा देण्यासाठी आणि दोन शब्द बोलण्यासाठी काही सामान्य स्त्री-पुरुष स्वयंस्फूर्तीने येऊन बसले. थोड्याच दिवसांत वाराह यांच्या असे ध्यानात आले की कित्येक मंडळी बाहेरच चहा पीत मन मोकळे करून, आत न येताच, हलकी होऊन परत जातात. तज्ज्ञ म्हणून मिरविण्याचा मोह त्यांना पडला नाही. १९५४च्या फेब्रुवारीत त्यांनी ऐकण्याचे काम त्या चहावाल्यांच्या हवाली केले, आणि ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या काळी इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. तो १९६१ साली कायद्यातून गेला. इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत कलम ३०९ घालून तो आपल्या गळ्यात बांधला होता, आणि त्यांच्याकडून तो सुटल्यावरही आपण तो प्रेमाने सांभाळला. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाच्या खाटेशी जबाब घेणारा हवालदार उभा राहायचा, आणि हकीकत पोलिसांपर्यंत जाऊ नये म्हणून घरचे लोक डॉक्टरांशीसुद्धा खोटे बोलायचे. या कलमाला मोठा धक्का दिला तो मुंबई उच्च न्यायालयाने. डोक्याला इजा होऊन मानसिक आजार जडलेला एक पोलीस शिपाई, पत्नीला भाजीचे दुकान घालता यावे यासाठी परवाना मागत महानगरपालिकेच्या दारात खेटे घालून थकला, आणि तेथेच त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. १९८६ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांनी हे कलमच घटनाबाह्य ठरविले आणि अशा माणसाला तुरुंगाची नव्हे तर उपचारांची गरज असते असे बजावले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तेच मत स्वीकारले आणि १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरविले. अखेर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य समजावे, असे ठरले. २०२४च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम नाही. मात्र सरकारी अंमलदाराला एखादे काम करण्यास भाग पाडण्यासाठी वा त्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे हा कलम २२६ अन्वये अद्यापि गुन्हा आहे. कचेरीचे उंबरे झिजविणारा तो शिपाई आज असता तर कदाचित याच कलमात सापडला असता, हे त्या मसुद्यावर सही करणाऱ्यांच्या मनात आले असेल काय, कोण जाणे.

कायदा मऊ झाला तरी आपली जीभ अजून मऊ झालेली नाही. ‘मनावर घेऊ नकोस’, ‘आमच्या वेळी याहून जास्त सोसले’, ‘आईबापांचा तरी विचार कर’, ही वाक्ये आपण धीर देण्यासाठी म्हणतो, आणि ऐकणाऱ्याच्या पदरी पडते ती आपल्या दुःखाची लाज. याच्या जोडीला एक भीतीही असते : आत्महत्येचा विषय आपण काढला तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, ही. संशोधनाने ही भीती खोटी ठरविली आहे. ‘जगणे नको असे तुला वाटते का?’ असे शांतपणे आणि स्पष्ट विचारल्याने विचार बळावत नाही. उलट, इतके दिवस कुणालाही सांगता न आलेली गोष्ट बोलायला एकदाची परवानगी मिळते. उत्तर ‘हो’ असे आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये, ज्याने तो स्वतःला इजा करील असे काही जवळपास राहू देऊ नये, गुपित राखण्याचे वचन देऊ नये, आणि त्याच्या सोबत जाऊन त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवावे. वादविवाद, शपथा, देवाधर्माचे दाखले यांना त्या वेळी जागा नसते.

चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली स्थापन केलेली ‘स्नेहा’ ही संस्था ‘समॅरिटन्स’च्याच धर्तीवर सामान्य स्वयंसेवकांच्या बळावर चालते. केंद्र सरकारने २०२२च्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेली-मानस’ सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. ती रात्रंदिवस चालते, तिला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. रॅगिंगच्या तक्रारीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक वेगळा आहे. स्वतःला त्रास होत असेल तरच टेली-मानसला फोन करावा, असे नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलाविषयी, वर्गातल्या मुलीविषयी किंवा घरातल्या माणसाविषयी काळजी वाटत असेल तरीही तेथे बोलून, पुढे काय करावे ते विचारून घेता येते.